मालाच्या गाडीचे पाटे : कमी पैशात आधी काय करावे?

आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. त्यामुळे आमच्या भागातल्या बऱ्याच व्यापाऱ्यांच्या दारात आज पिकअप किंवा छोटा हत्ती उभा असतो. भिवंडीचे कापड माळशेज घाट चढून येते, मालेगावचे संगमनेरमार्गे येते, आणि इथून ते बेल्हे, ओतूर, नारायणगावच्या बाजारात जाते. गाडी मागून बसू लागली की आपण एकच उपाय करतो : मिस्त्रीला सांगून दोन पाटे जास्त टाकतो. आम्हीही तेच केले होते, आणि ती आमची चूक होती.

भर पावसाळ्यात आमची रिकामी गाडी माल आणायला माळशेज उतरत होती. वळणावर ब्रेक दाबताच मागची चाके उडाली आणि गाडी आडवी फिरली. अल्लाहच्या कृपेने ती कठड्याला लागून थांबली आणि चालक पोरगा वाचला. पण काही कमीजास्त झाले असते तर त्याच्या आईला आम्ही काय तोंड दाखवले असते, हा विचार अजून मनातून जात नाही. म्हणून हा अनुभव व्यापारी बंधूंपुढे ठेवत आहोत.

पाटा आणि शॉकअप यांची कामे वेगळी आहेत. पाटा वजन तोलतो. शॉकअप वजन तोलत नाही, तो पाट्याची उसळी थांबवतो. पाटे कडक केले आणि शॉकअप जुनेच राहिले, तर रिकामी गाडी चेंडूसारखी उडते. उडालेले चाक रस्ता धरत नाही, आणि ज्या चाकाखाली रस्ता नाही त्याचा ब्रेक काय कामाचा?

दुसरी गोष्ट, पाटे वाढवल्याने गाडीची ताकद वाढत नाही. एक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर तेच असतात. फक्त गाडी बसलेली दिसत नाही, म्हणून आपण आणखी दोन गाठी चढवतो. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह दांडीने एक्सलला जोडलेला असतो. गाडी जितकी बसेल तितका जोर तो मागच्या ब्रेकला देतो. पाटे वाढवल्यावर भरलेली गाडीही बसत नाही, व्हॉल्व्ह तिला रिकामी समजतो आणि मागचा ब्रेक कमी लागतो. घाटउतारावर याचा अर्थ काय, ते सांगायला नको.

मग पैसे थोडे असतील तर क्रम कसा असावा?

सर्वांत आधी भरलेली गाडी काट्यावर न्या. आळेफाट्याला कांद्याचा बाजार आहे, काटा शोधत फिरावे लागत नाही. आरसी बुकात लिहिलेल्या एकूण वजनाशी ताडून पाहा. वजन जास्त भरले तर इलाज पाट्यात नाही, दोन खेपा करण्यात आहे.

त्यानंतर टायर आणि हवा. कोल्हापूरजवळ मोहिते यांच्या ट्रॅकवर शर्यतीच्या गो-कार्ट पळतात. गो-कार्टला स्प्रिंग नसतेच, ती टायरच्या हवेवर आणि सांगाड्याच्या लवचिकपणावर चालते. हवा हीच गाडीची पहिली स्प्रिंग आहे. ती सकाळी, टायर थंड असताना, कंपनीने सांगितलेल्या मापाने भरा. यात खर्च जवळजवळ नाहीच.

तिसरे, बुश, शॅकल आणि यू-बोल्ट. झिजलेल्या बुशमुळे एक्सल जागचा हलतो आणि गाडी ओढ घेते. नवे यू-बोल्ट बसवले तर काही दिवस माल वाहिल्यावर पुन्हा आवळून घ्या.

चौथे, शॉकअप. त्यातून तेल गळत असेल किंवा टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखा झिजत असेल तर ते बदला. मात्र एका एक्सलचे दोन्ही एकदम बदला, आणि कंपनीने नेमून दिलेल्या मापाचेच घ्या. त्यानंतर अलाइनमेंट करून घ्या.

पाट्यांचा नंबर शेवटचा. तुटलेला पाटा त्याच जाडीचा नवा टाका. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग कधीही करू नका, कारण पाण चढवलेले पोलाद त्या आचेने बिघडते आणि पुन्हा तिथेच तुटते. दोन्ही बाजूंचे पाटे सारखे ठेवा. व्हॉल्व्ह असलेल्या गाडीत पाट्याचे काम झाल्यावर तो तपासून घ्या. ही सगळी कामे एकाच महिन्यात झाली पाहिजेत असे नाही. क्रम मोडला नाही म्हणजे झाले.

कायद्याचेही ध्यानात असू द्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे जादा भाराला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. चार गाठींचा नफा एका नाक्यावर जातो.

आम्ही वाढवलेले पाटे काढून टाकले आणि शॉकअपची जोडी बदलली. खेपा वाढल्या, डिझेल थोडे जास्त लागते, पण टायर जास्त दिवस टिकू लागले. नको तिथे केलेला खर्च हा इसराफच आहे, आणि हवे तिथे न केलेला खर्च कधी कधी कुणाच्या तरी जिवावर बेततो. गाडीवरचा माल आपला असेल, पण चालकाचा जीव ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. तवक्कुल जरूर करावा, पण आधी यू-बोल्ट आवळून मग.