ई. कोलाय : नाव एक, वाण निराळे

निरोगी तान्ह्या बाळाच्या आतड्यात ई. कोलाय हा जीवाणू असतोच. म्युनिकमधील बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशरिश यांनी नवजात बालकांची शी तपासून तो १८८५ मध्ये नोंदवला. बाळाची पहिली काळपट शी त्यांना जंतुविरहित आढळली होती. काही तासांतच तीत जीवाणू दिसू लागले. आजचे नाव त्या जीवाणूला एशरिश यांच्यावरूनच पडले.

अडचण अशी की जुलाबाने कोमेजलेल्या बाळाच्या शीतही हाच जीवाणू मिळे. सूक्ष्मदर्शकाखाली आणि कल्चरच्या बशीत दोन्ही सारखेच दिसत. मग दोष द्यायचा कुणाला? १९४५ मध्ये इंग्लंडमधील जॉन ब्रे यांनी सशाच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे वापरून या गर्दीतून एक वाण वेगळा काढला. उन्हाळी जुलाबाच्या साथीतील बहुतेक बालकांत तो होता, निरोगी बालकांत क्वचित. त्याच सुमारास कोपनहेगनमध्ये फ्रिट्झ काउफमन जीवाणूच्या पृष्ठभागावरील रेणूंवरून वाणांना क्रमांक देत होते. ब्रे यांचा वाण त्या यादीत ओ१११ ठरला. ओळख पटली, पण तो आजारी कसा पाडतो हे उलगडले नव्हते.

त्या दिशेची मोठी उडी कोलकात्यात घेतली गेली आणि तिचे श्रेय आजही हात राखून दिले जाते. शंभुनाथ डे पटकीवर काम करत होते. उपाशी ठेवलेल्या सशाला भूल देऊन त्याच्या लहान आतड्याचा बोटभर तुकडा ते दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधत, त्यात जीवाणू टोचत आणि पोट शिवून टाकत. दुसऱ्या दिवशी पोट उघडले की तो तुकडा पाण्याने टम्म फुगलेला असे. साधने म्हणाल तर सुई, दोरा आणि ससा! १९५६ मध्ये डे आणि सहकाऱ्यांनी हीच कसोटी ई. कोलायला लावली. जुलाबाच्या रुग्णांकडून मिळालेल्या काही वाणांनीही आतडे तसेच फुगवले. १९५९ मध्ये डे यांनी पटकीच्या जीवाणूंचे कल्चर गाळून, जीवाणूविरहित द्रावणानेही हाच परिणाम होतो हे ‘नेचर’मध्ये दाखवले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांना डे यांचे मोल कळले होते; भारतातील विज्ञान अकादमींना मात्र ते १९८५ मध्ये वारले तरी सदस्यत्वाच्या योग्यतेचे वाटले नाहीत. ही नुसती अनवधानाने झालेली चूक म्हणणे कठीण आहे.

फुगलेल्या आतड्यामागची यंत्रणा पुढे कळली. काही वाण केसासारख्या तंतूंनी लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतात आणि दोनपैकी एक किंवा दोन्ही विषद्रव्ये सोडतात. त्यांतले उष्णतेने नष्ट होणारे विषद्रव्य पटकीच्या विषाचा जवळचा भाऊबंद आहे, तर दुसरे उष्णतेला दाद देत नाही. पेशी क्षार बाहेर टाकू लागतात, क्षारामागे पाणी जाते. ओ१११सारख्या वाणांची तऱ्हा आणखी अजब. ते पेशीत स्वतःचे एक प्रथिन टोचतात, ते पेशीच्या पृष्ठभागावर बसते आणि जीवाणू त्यालाच घट्ट धरतो. चोराने येताना स्वतःची कडी आणावी, ती परक्या दाराला ठोकावी आणि तिलाच लटकावे, तसा हा प्रकार.

एकाच जातीत एवढी तफावत कशी? २००२ मध्ये प्रयोगशाळेतला निरुपद्रवी, मूत्रमार्ग बिघडवणारा आणि रक्ती जुलाब घडवणारा अशा तीन वाणांच्या जनुकसंचांची तुलना झाली. तिघांच्या मिळून असलेल्या प्रथिनांपैकी तिघांतही सापडणारी प्रथिने जेमतेम ३९ टक्के निघाली. विषाची जनुके बहुधा प्लाझ्मिडवर (जीवाणूतील डीएनएच्या सुट्या कड्यांवर) किंवा जीवाणूभक्षी विषाणूंवर स्वार होऊन एका जीवाणूतून दुसऱ्यात जातात. म्हणजे जातीचे नाव तेच राहते, पण उपद्रव उसना मिळतो.

आफ्रिका व दक्षिण आशियातील सात ठिकाणी, कोलकात्यासह, पाच वर्षांखालील मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. मध्यम ते तीव्र जुलाबांच्या चार प्रमुख कारणांत रोटाविषाणू, क्रिप्टोस्पोरिडियम आणि शिगेला यांच्याबरोबर ई. कोलायही होता, पण उष्णतेला न जुमानणारे विष बनवणारा. ‘ई. कोलायमुळे जुलाब होतात’ हे विधान म्हणूनच अर्धवट आहे.

पालकांच्या हाती पडणाऱ्या शीच्या साध्या कल्चर रिपोर्टवर ‘ई. कोलाय आढळला’ एवढेच असेल, तर त्यावरून आजाराचे कारण ठरत नाही. त्यासाठी विषाची जनुके शोधणारी चाचणी लागते. तेवढ्या ओळीवरून अँटिबायोटिक सुरू करू नये. ओआरएस पाजावे, अंगावरचे दूध व नेहमीचे खाणे चालू ठेवावे, डॉक्टर सांगतील त्या मात्रेत १० ते १४ दिवस झिंक द्यावे. शीत रक्त दिसले, बाळ मलूल झाले किंवा लघवी कमी झाली, तर लगेच दवाखाना गाठावा.