मणके जोडल्यानंतरचा बधिरपणा

न्यूझीलंडचा वेगवान गोलंदाज शेन बाँड याचे मणके 2004 मध्ये टायटॅनियमच्या तारेने जोडले गेले. पुढच्याच वर्षी बुलावायोत त्याने भारताचे सहा गडी 19 धावांत बाद केले. ही गोष्ट धीर देणारी आहे. पण सामान्य रुग्णाने आपल्या बरे होण्याची तुलना तिच्याशी करू नये.

अशा शस्त्रक्रियेनंतर पाय बधिर वाटू शकतो, कारण दीर्घकाळ दबलेली नस मोकळी झाली तरी लगेच सावरत नाही. दुखावलेला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटरच वाढतो, म्हणून महिने लागतात. शस्त्रक्रियेनंतर येणारे पेटके मात्र बहुतेकदा पाठीच्या स्नायूंचे असतात: शस्त्रक्रियेत बाजूला सारलेले हे स्नायू आखडून मणक्याला जपू पाहतात. कुशीवर वळताना खांदे आणि कंबर एकदमच वळवा. थोडे थोडे, पण वारंवार चाला. घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी सर्जनला विचारल्याशिवाय मालीश नको. काही दाहशामक गोळ्या हाड जुळण्यात अडथळा आणू शकतात, त्याही विचारूनच घ्या.

थंडीत गरम पिशवीचा मोह होतो. पण बधिर कातडीला चटका कळत नाही. तिथे पिशवी ठेवू नका.

जांघेत किंवा बसण्याच्या जागी नव्याने बधिरपणा आला, लघवी अडली किंवा पायातली ताकद गेली, तर सकाळची वाट पाहू नका. न्यूझीलंडमध्ये असाल तर लगेच 111 फिरवा.