आबाजींच्या झोळीत दडलंय काय?

मुलांनो, सोमवार म्हणजे आमच्या चौथीच्या वर्गात गप्पांचा दिवस. रविवारी कोणी काय केलं, हे सांगून झाल्याशिवाय कोणाला पाढे म्हणून आठवत नाहीत! असाच एक सोमवार होता. तिसऱ्या बाकावरच्या मुलाचं बोट पांढऱ्या पट्टीत चांगलं जाडजूड गुंडाळलेलं दिसलं.

“काय झालं रे बोटाला?”

“बाई, गळ रुतला.”

“गळ? तो कुठे सापडला तुला?”

“तळ्यावर. मासोळी धराले गेलो होतो. मासोळी नाही लागली, मीच लागलो!”

सगळा वर्ग खो-खो हसला. मीही हसले. पण पुढची हकिगत ऐकली आणि माझं हसू थांबलं. चौथीतले दोघं आणि सातवीतला एक, असे तिघं जण घरी न सांगता प्रतापनगरहून सायकली घेऊन गेले होते. तिघांपैकी एकालाही पोहता येत नव्हतं. आणि काठीला दोरा म्हणून काय बांधलं होतं, सांगू? संक्रांतीचा उरलेला नायलॉन मांजा!

रागवावं का? रागावले असते, तर पुढच्या रविवारी पोरं पुन्हा गेली असती, फक्त मला सांगितलं नसतं. आपलं नागपूर म्हणजे तळ्यांचं गाव. सोनेगाव, अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, गांधीसागर... मुलांना पाण्यापासून लांब ठेवणार तरी किती? त्यापेक्षा पाण्याजवळ कसं जावं, हे शिकवलेलं बरं. मी त्या मुलाच्या आजोबांना निरोप धाडला. ते रेल्वेतून निवृत्त झालेले. चाळीस वर्षांपासून गळ टाकतात. शनिवारी ते खांद्यावर झोळी अडकवून वर्गात हजर झाले. सगळे त्यांना ‘आबाजी’ म्हणतात, म्हणून आम्हीही आबाजीच म्हणू लागलो.

गळाची गंमत

आबाजींनी आधी एक छोटी डबी काढली. डबीत बुचाच्या तुकड्यात टोचून ठेवलेले गळ होते. “हे असे ठेवावे. खिशात सुटे गळ ठेवणारा माणूस एक दिवस गळासकट दवाखान्यात जातो,” असं म्हणून त्यांनी नातवाकडे पाहिलं. नातवानं मान खाली घातली.

गळांच्या नंबरांची मोठी मजा असते बरं का! दोन नंबरचा गळ मोठा आणि दहा नंबरचा लहान. नंबर वाढला की गळ बारीक होतो. गळाच्या टोकाजवळ आतल्या बाजूनं एक उलटा काटा असतो. त्यामुळे गळ आत शिरतो, पण सहज बाहेर येत नाही. म्हणूनच बोटात गळ रुतला तर तो ओढून काढायचा नाही. दोरा कापायचा, गळ हलू द्यायचा नाही आणि सरळ डॉक्टरांकडे जायचं. धनुर्वाताचं इंजेक्शनही लागू शकतं.

“मी तर तो उलटा काटा पकडीनं दाबूनच टाकतो,” आबाजी म्हणाले. “एखादी मासोळी सुटून जाते, जाऊ दे. पण लहान मासोळी सोडून द्यायची असली तर तिचं तोंड फाटत नाही. अन् आपलं बोटही वाचते.”

दोरा कोणता?

मग निघालं दोऱ्याचं रीळ. मासेमारीच्या दोऱ्याच्या रिळावर त्याची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते आणि तो किती किलोचा ताण सोसेल, तेही लिहिलेलं असतं. शिकाऊ मुलांना तीन-चार किलोचा ताण सोसणारा दोरा पुष्कळ झाला. दोरा फार मजबूत असला आणि तो पाण्यातल्या खोडात अडकला, तर तुटता तुटत नाही. मग तो सोडवायला मुलं पाण्यात उतरतात आणि नेमका तिथेच घात होतो.

“अन् मांजा कायले लावला रे?” आबाजींनी विचारलं. वर्ग एकदम चिडीचूप! नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली देशभर बंदी घातली, हे तुम्हाला माहीत असेलच. संक्रांतीत त्यानं माणसांचे गळे चिरतात, पक्ष्यांचे पंख कापले जातात. पण मुलांनो, मासेमारीचा तुटका दोरा काठावर टाकून दिला, तर तोही तेच करतो. बगळ्याच्या, पाणकोंबडीच्या पायात गुंतला की त्यांना तो सोडवता येत नाही आणि तो कुजायला कित्येक वर्षं लागतात. आबाजींच्या झोळीत एक रिकामी बाटली होती. तिच्यात दोऱ्याचे तुकडे भरलेले होते. स्वतःचे तर होतेच, पण दुसऱ्यांनी काठावर टाकलेलेही!

दोरा पाण्यात खाली जावा म्हणून त्याला वजन बांधतात. पूर्वी शिशाचे तुकडे बांधत. आबाजी सायकलच्या दुकानातला जुना लोखंडी नट बांधतात. शिसं विषारी असतं. ब्रिटनमध्ये हंस पक्षी तळाशी पडलेले शिशाचे तुकडे खड्यांबरोबर गिळायचे आणि मरायचे. म्हणून तिथे १९८७ साली शिशाच्या लहान वजनांवर बंदी आली.

मासा कुठे जेवतो?

दोऱ्यावर एक निळा रबरी तुकडा होता. “हा कशाचा?” मी विचारलं. “जुन्या चपलेचा!” पुन्हा हशा. हा तुकडा पाण्यावर तरंगतो. मासा आमिषाला लागला की तुकडा थरथरतो, मग बुडतो. तुकडा दोऱ्यावर वर किंवा खाली सरकवला की आमिष किती खोल लोंबेल, ते ठरतं.

पण किती खोल सोडायचं? आबाजींनी फळ्यावर तीन मासे काढले. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, म्हणजे तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. मृगळाचं तोंड खाली वळलेलं, तो तळाशी खातो. रोहू मधल्या थरात. एकाच तळ्यात तिघं राहतात आणि भांडण नाही! म्हणून तर मत्स्यशेतीत हे तिघं एकत्र वाढवतात. आमिष म्हणून आबाजी गांडूळ लावतात, कधी कणकेत थोडी शेंगदाण्याची ढेप मळून गोळी करतात.

आणि गप्प बसायचं! माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक बारीक रेघ असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. पाण्यातली हालचाल त्याला तिच्यामुळे कळते. काठावर धपधप पाय आपटले की मासा तिथून पसार.

तळं कोणाचं?

“तळं दिसलं म्हणून गळ टाकाचा नसते,” आबाजी म्हणाले. बहुतेक तलावांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते. त्यांनी पैसे घालून त्यात मत्स्यबीज, म्हणजे माशांची इवली पिल्लं, सोडलेली असतात. रोहू, कटला, मृगळ पावसाळ्यात नदीच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. तळ्याच्या साचलेल्या पाण्यात सहसा घालत नाहीत. त्यांची पिल्लं केंद्रात तयार करण्याची युक्ती डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात यशस्वी केली. म्हणून १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. मासळीचं हे शास्त्र शिकायचं असेल, तर आपल्या नागपुरातच तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे बरं का!

तेव्हा आधी परवानगी विचारायची. अंगणातला पेरू विचारून तोडतो ना, तसंच हे. शिवाय शहरातल्या पुष्कळ तळ्यांत सांडपाणी येतं. तिथला मासा धरला तरी खाऊ नये.

पावसाळ्यात आबाजी गळ गुंडाळून ठेवतात. मरळ नावाचा मासा तेव्हा आपल्या पिल्लांची राखण करतो. पिल्लांचा थवा पाण्यावर आणि मोठा मासा त्यांच्याखाली. त्याला धरलं, तर राखणदाराविना पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. समुद्रावरही महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. स्फोटकं किंवा विष टाकून मासे मारायला तर १८९७ च्या कायद्यापासूनच बंदी आहे.

भंडारा-गोंदियाकडचे ढीवर लोक हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. तिथल्या मामा तलावांत, म्हणजे माजी मालगुजारी तलावांत, बेशरमची झुडपं माजली आणि मासळी कमी झाली. तेव्हा तिथल्या ढीवर बायका-पुरुषांनी बेशरम उपटून काढली आणि मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. माशांना अन्न आणि आसरा मिळाला.

आणि बंदूक?

एका मुलानं हळूच विचारलं, “आबाजी, तुम्ही बंदुकीनं शिकार केली का?”

“माझ्या वडिलांच्या काळी लोक परवाना काढून जात. आता तो खेळ संपला, चांगलंच झालं,” आबाजी म्हणाले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. ताडोबात तर १९३५ सालीच शिकार बंद झाली होती. १९५५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. तेव्हा ससा, तितर, रानडुक्कर, काहीही मारायला जायचं नाही. गुलेलनं पाखरू पाडणं हीसुद्धा शिकारच! गळाला कासव लागलं, तर तेही सोडून द्यायचं. मोठ्या माणसाला सांगून दोरा शक्य तितका तोंडाजवळ कापायचा.

तुम्ही जिम कॉर्बेटचं नाव ऐकलं असेल. नरभक्षक वाघांच्या मागे रानात पायी फिरणारा हा शिकारी पुढे बंदुकीपेक्षा कॅमेरा जवळ करू लागला. आपल्याकडे मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते. रानातली नि पाण्यातली कितीतरी माहिती त्यांनी तिथल्या जाणत्या माणसांकडून गोळा केली. त्यांची पुस्तकं वाचनालयात मिळतील, जरूर वाचा.

झोळीतली शेवटची वस्तू

आता झोळी रिकामी झाली, असं वाटलं. पण तळाशी अजून काहीतरी होतं. घट्ट झाकणाची पाच लिटरची रिकामी प्लॅस्टिक कॅन आणि तिच्या कडीला बांधलेली लांब सुती दोरी.

“ही कायची मासोळी धराले?” नातवानं विचारलं.

आबाजी थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “हिनं मासोळी नाही धरली. लई वर्षं झाले, एक पोरगा धरला. तुझ्याएवढाच होता.”

पाय घसरून तो मुलगा पाण्यात पडला होता. त्याच्या दोस्तानं उडी घ्यायला शर्ट काढला होता. आबाजींनी त्याला मागे ओढलं आणि कॅन फेकली. पोरानं ती छातीशी धरली, मग सगळ्यांनी दोरी ओढली.

मुलांनो, हे पाठ करा. कोणी बुडत असेल, तर पोहणं येत असलं तरी उडी मारायची नाही. बुडणारा माणूस घाबरून वाचवणाऱ्यालाच घट्ट मिठी मारतो आणि दोघंही जातात. ओरडून मोठ्यांना बोलवायचं आणि काठावरूनच कॅन, दोरी, लांब काठी, ओढणी, जे असेल ते पुढे करायचं. आपण आडवं झोपून ओढायचं, म्हणजे आपला तोल जात नाही.

आणि आभाळ गडगडलं की घरी. ओली काठी हातात धरून उघड्या काठावर उभं राहणं म्हणजे विजेला बोलावणंच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि झोपलेल्या वस्त्यांत पाणी शिरलं, हे तुमच्या घरच्यांना विचारा. रोज बघतो ते तळंसुद्धा किती पटकन बदलतं, ते कळेल.

पुढच्या महिन्यात नातू पुन्हा तळ्यावर गेला, या वेळी बाबा आणि आबाजींबरोबर, परवानगी काढून. सकाळभर बसून तळहाताएवढी एक मासोळी लागली. हात ओले करून त्यानं ती धरली, कारण कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग होऊ शकतो. मग ती सोडून दिली. सोमवारी मला म्हणाला, “बाई, मी पोहण्याच्या क्लासला नाव टाकलं.”

पालकांनो, मुलांना ‘जाऊ नको’ म्हणण्याआधी एकदा त्यांच्याबरोबर जाऊन पाहा. रविवारची एक सकाळच तर जाईल.

झोळी भरताना

• परवानगी आणि सोबत पोहता येणारं मोठं माणूस. ही दोन्ही नसतील तर बाकीचं सामान घरीच ठेवा.
• कॅन आणि लांब दोरी, आधी गाठ तपासून.
• बुचात टोचलेले गळ, पक्कड, छोटी कात्री.
• तुटक्या दोऱ्यांसाठी झाकणाची बाटली.
• पिण्याचं पाणी आणि डोक्याला दुपट्टा. नागपूरचं ऊन आहे, विसरू नका!
• पट्टी, कापूस आणि साबण.
• वही आणि पेन्सिल. मासा नाही लागला, तर दिसलेल्या पाखरांची यादी तरी होईल.