अठ्ठेचाळीस तासांत एक खेळ

संगणकावरचे खेळ खेळायला कोणाला आवडत नाहीत? आणि ज्याला थोडेफार प्रोग्रामिंग जमू लागले आहे, त्याच्या मनात एक ना एक दिवस येतेच, की असा एखादा खेळ आपणही तयार करावा. मग बेत ठरतो. मोठे राज्य असावे, त्यात किल्ले असावेत, पन्नास प्रकारचे शत्रू असावेत, घोडे असावेत, पाऊस पडावा! पहिला आठवडा मोठ्या उत्साहात जातो. घोडा पडद्यावर धावू लागतो. दुसऱ्या आठवड्यात असे आढळते की, तो भिंतीतून आरपार जातो. महिन्याभरात परीक्षा येते आणि खेळ अर्धवट पडून राहतो. पुढच्या सुट्टीत नवा बेत ठरतो आणि त्याचीही तीच गत होते.

घरचे म्हणतात, ‘याच्या हातून काही पुरे म्हणून होत नाही.’ असे दोनचारदा ऐकले की, आपल्यालाही ते खरे वाटू लागते. सर्वांत मोठे नुकसान हेच. वास्तविक दोष नेहमी आळसाचाच असतो असे नाही. बरेचदा तो आखणीत असतो. कसा, ते थोडे गणित करून पाहू.

गणित काय सांगते?

समजा, तुमच्या खेळात चार वस्तू आहेत: खेळाडू, शत्रू, भिंत आणि नाणे. यांपैकी कोणत्याही दोन वस्तू एकमेकींना भेटल्या तर काय व्हावे, हे तुम्हाला ठरवावे लागते. खेळाडू भिंतीला भिडला तर थांबावा, नाण्याला भिडला तर गुण मिळावा. शत्रू नाण्याला भिडला तर? तेही ठरवायला हवे, कारण संगणक स्वतःच्या मनाने काहीच ठरवत नाही. चार वस्तूंच्या अशा जोड्या होतात ६.

आता वस्तू २० केल्या तर? वस्तूंची संख्या ‘न’ मानली, तर जोड्यांची संख्या न × (न − १) ÷ २ इतकी येते. २० गुणिले १९ भागिले २, म्हणजे १९० जोड्या! वस्तू पाचपट झाल्या, पण तपासण्याचे काम जवळजवळ बत्तीसपट झाले. सगळ्याच जोड्या महत्त्वाच्या नसतात हे खरे, पण कोणती जोडी महत्त्वाची नाही हे कळण्यासाठीही तिचा विचार करावाच लागतो. पन्नास शत्रूंचे राज्य मधेच का अडते, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

दुसरे कारण असे की, खेळ सुरू करणे आणि खेळ पुरा करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पडद्यावर घोडा धावला म्हणजे खेळ झाला नाही. जिंकलो हे केव्हा ठरते? हरल्यावर पुन्हा सुरुवात कशी करायची? कोणती कळ दाबायची, हे नवख्याला कसे कळेल? दुसऱ्याच्या संगणकावर खेळ चालेल का? हे सारे प्रश्न शेवटी उभे राहतात. जो दहा खेळ अर्धवट सोडतो, त्याने सुरुवातीचा सराव दहा वेळा केलेला असतो, पण शेवटाचा एकदाही नाही.

गेम जॅम म्हणजे काय?

या अडचणीवर जगभरच्या हौशी मंडळींनी एक युक्ती शोधून काढली. तिचे नाव ‘गेम जॅम’. हा पावाला लावायचा जॅम नव्हे, आणि रस्त्यातली वाहतूक अडते तो जॅमही नव्हे. वादक मंडळी एकत्र जमून आयत्या वेळी सुचेल ते वाजवतात, त्याला इंग्रजीत ‘जॅम’ म्हणतात. त्यावरून हे नाव पडले. ठरलेल्या वेळी सर्वांना एक विषय दिला जातो आणि ठरलेल्या मुदतीत, बहुधा ४८ तासांत, त्या विषयावर एक खेळ तयार करायचा असतो.

२००२ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे काही प्रोग्रामर ‘इंडी गेम जॅम’साठी जमले. पडद्यावर एकाच वेळी हजारो छोट्या आकृत्या दाखवू शकणारा एक प्रोग्राम त्यांच्यापुढे होता. तो वापरून प्रत्येकाने मोजक्या दिवसांत काहीतरी नवे करून पाहायचे, असा बेत होता. त्याच वर्षी ‘लुडम डेअर’ ही स्पर्धा सुरू झाली. तिच्या एकट्याने भाग घेण्याच्या विभागात चित्रे, आवाज आणि प्रोग्राम हे सारे ४८ तासांत स्वतःच करावे लागते. २००९ साली ‘ग्लोबल गेम जॅम’ सुरू झाला. पहिल्याच वर्षी २३ देशांतील लोकांनी एकाच शनिवार-रविवारच्या सुमारास त्यात भाग घेतला.

मुदत ही शत्रू की मित्र?

तुम्ही म्हणाल, ‘महिन्याभरात जे जमत नाही ते दोन दिवसांत कसे जमणार?’ शंका रास्त आहे. उत्तर असे की, दोन दिवसांत तेच काम करायचे नसते, लहान काम करायचे असते. एकांकिका स्पर्धेत वेळ मोजूनच मिळतो, म्हणून लेखक पाच अंकी नाटक लिहायला बसत नाही. मुदत जवळ असली की, प्रत्येक कल्पनेला आपण विचारतो, ‘हिच्यावाचून खेळ अडेल का?’ अडणार नसेल तर ती बाजूला ठेवावी लागते. आपली आवडती कल्पना सोडून देणे कठीण असते, पण खेळ पुरा होतो तो त्यामुळेच.

लहान खेळ म्हणजे क्षुल्लक खेळ असे मात्र समजू नका. २००५ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात चार विद्यार्थ्यांनी एक प्रयोग केला. त्यांचे नियम तीनच होते: प्रत्येक खेळ सात दिवसांच्या आत व्हावा, तो एकानेच करावा, आणि विषय सर्वांना समान असावा. एका सत्रात त्यांनी ५० हून अधिक खेळ तयार केले. त्यांपैकी काइल गॅब्लर याचा एक खेळ होता ‘टॉवर ऑफ गू’. चिकट गोळे एकमेकांना जोडून उंच मनोरा रचायचा, एवढाच तो खेळ.

त्यामागचे भौतिकशास्त्र पाहण्यासारखे आहे. दोन गोळ्यांमधला दुवा स्प्रिंगसारखा वागतो. जितका ताणावा तितक्या प्रमाणात तो मागे ओढतो. हा हूकचा नियम तुम्ही पुढे शिकाल किंवा शिकलाही असाल. संगणक प्रत्येक गोळ्यावरचे बल काढतो, बलाला वस्तुमानाने भागून त्वरण काढतो, त्वरणावरून वेग आणि वेगावरून नवी जागा काढतो. हा हिशेब सेकंदातून कित्येक वेळा होतो आणि मनोरा पडद्यावर खराखुरा डुलताना दिसतो. नियम दोनचार, पण त्यांतून निघणारी गंमत भरपूर! याच बीजातून २००८ साली ‘वर्ल्ड ऑफ गू’ हा मोठा आणि गाजलेला खेळ तयार झाला.

‘सेलेस्ट’ या खेळाचा जन्मही असाच. २०१५ साली मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी चार दिवसांत त्याचे पहिले रूप केले. त्यांनी वापरलेल्या ‘पिको-८’ या साधनात पडद्यावर आडवे १२८ आणि उभे १२८ ठिपके असतात आणि रंग १६. इतक्यात एक मुलगी, एक डोंगर आणि उड्या एवढेच बसले. पुढे २०१८ साली तो खेळ मोठ्या रूपात आला, तेव्हा मूळचा छोटा खेळही त्यात लपवून ठेवलेला होता. आधी लहान खेळ पुरा झाला आणि मग मोठा आला, हा क्रम ध्यानात ठेवा.

अर्थात, जॅममध्ये झालेले बहुतेक खेळ ओबडधोबड असतात आणि लवकरच विसरले जातात. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. प्रयोगशाळेत तुम्ही लंबकावरून गुरुत्वत्वरण काढता, ते जगाला ठाऊक नसते म्हणून नव्हे, तर मोजायला शिकावे म्हणून. खेळ पुरा करणे हाही तसाच एक अभ्यास आहे.

तुम्ही करून पाहा

एखाद्या सुट्टीत चार मित्रमैत्रिणी मिळून आपला जॅम भरवा. ‘स्क्रॅच’ हे साधन फुकट मिळते आणि सुरुवातीला पुरेसे आहे. चिठ्ठ्या टाकून विषय काढा: ‘सावली’, ‘ओझे’, ‘एकच उडी’, काहीही. मग ४८ तासांचा हिशेब कागदावर मांडा. दोन रात्रींच्या झोपेचे १६ तास आधी वजा करा. जागरण करून केलेल्या चुका शोधण्यात वाचवलेला वेळ दुप्पट जातो. जेवण, आंघोळ, घरची कामे यांचे १२ तास वजा करा. उरले २०.

पहिल्या पाच तासांत खेळ कसाबसा का होईना, पण सुरुवातीपासून शेवटापर्यंत चालला पाहिजे. खेळाडू म्हणून चौकोन आणि शत्रू म्हणून वर्तुळ चालेल. पुढचे दहा तास त्यात सुधारणा करा. शेवटचे पाच तास नवे काहीही घालू नका. फक्त चुका काढा, सूचना लिहा आणि खेळ दुसऱ्याच्या हाती द्या. तो खेळत असताना आपण एक शब्दही बोलायचा नाही. तो कोठे अडतो, तेवढे वहीत टिपून ठेवायचे. आपल्याला सोपे वाटलेले दुसऱ्याला किती अवघड जाते, हे तेव्हा कळते.

वेळ संपली की थांबा. खेळाला नाव द्या आणि खाली आपले नाव व तारीख लिहा. तुमच्या राज्यातले किल्ले, घोडे आणि पाऊस कोठे पळून जात नाहीत. पण त्यांच्याकडे पुन्हा वळाल, तेव्हा एक खेळ शेवटापर्यंत नेल्याचा अनुभव तुमच्या गाठीशी असेल.