मंत्रचळ, चिंता आणि योगाभ्यास



सातपुड्यातील पाड्यांवर जाणाऱ्या आपल्या आरोग्य पथकात मी परिचारिका आहे. दुसऱ्यांना गोळ्या देणारी मी, स्वतःची गोळी मात्र बरेच दिवस लपवून घेत होते. मला ओसीडी आहे. आपल्याकडे त्याला मंत्रचळ म्हणतात.

‘हात नीट धुतले ना? माझ्यामुळे बाळाला काही झाले तर?’ हा विचार सुटत नसे. हात धुतले की घटकाभर बरे वाटे, मग पुन्हा तेच. या आजाराची गाठ इथेच आहे. कृतीने मिळणारा क्षणाचा दिलासाच पुढच्या शंकेला बळ देतो. म्हणून शंका आली तरी ती कृती न करता थांबण्याचा सराव, समुपदेशकाच्या मदतीने, पायरीपायरीने करावा लागतो. जोडीला औषधे असतात. त्यांचा पुरता गुण यायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात.

मग योग कशासाठी? चिंतेत श्वास उथळ होतो, छाती धडधडते, अंग ताठरते. सोपी आसने आणि सावकाश सोडलेला लांब श्वास यांनी शरीर निवते. अमेरिकेत चिंताविकाराच्या २२६ रुग्णांचा १२ आठवड्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. योग करणाऱ्यांपैकी सुमारे ५४ टक्के लोकांना गुण आला, विचार-वर्तन उपचार घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के, तर ताणाविषयी केवळ माहिती मिळालेल्यांपैकी ३३ टक्के. म्हणजे योगाने मदत होते, पण मुख्य उपचाराची जागा तो घेत नाही. मंत्रचळावरचे अभ्यास तर अजून लहान आहेत.

हे मी चुकून शिकले. योगाने बरे वाटू लागले, तशी मी कुणाला न विचारता गोळी सोडली. पुढे एका लसीकरणाच्या दिवशी पाड्यावरचे दोन हंडे पाणी मी एकटीने हात धुण्यात संपवले. बायकांनी ते चढ चढून आणले होते. कुणी काही बोलले नाही. त्या रात्री मी डॉक्टरांना फोन केला.

दुसरी चूक श्वास मोजण्याची. अकरा म्हणजे अकराच. चुकले की पहिल्यापासून! तोही मंत्रचळच झाला होता. आता मी ठरलेल्या वेळी, न मोजता बसते. शंका आली म्हणून श्वासाकडे धावत नाही. श्वास रोखून धरण्याने घाबरायला होते, म्हणून तेही टाळते.

मंडळीतील काहींना ‘योग’ या शब्दाचा संकोच वाटतो. मी मंत्र म्हणत नाही. फक्त आसने आणि श्वास, आणि नंतर माझी नेहमीची प्रार्थना.

आपल्या घरात कुणी असे झगडत असेल तर ‘मन खंबीर कर’ म्हणू नका. त्यांना डॉक्टरांकडे न्या. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि रात्री-अपरात्रीही लागतो. पाड्यावर आता मी सॅनिटायझर नेते. हात एकदाच चोळते आणि पुढच्या बाळाला हाक मारते.