एकोणीस वर्षांची दोन मुले

कवितेच्या तासाला मी जॉन गिलेस्पी मॅगीची गोष्ट सांगतो. वडील अमेरिकन, आई इंग्रज, दोघेही मिशनरी. जन्म १९२२ सालचा, शांघायचा. अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती, तेव्हा हा पठ्ठ्या १९४० मध्ये कॅनडाच्या विमानदलात भरती झाला! पुढच्याच वर्षी इंग्लंडहून आईवडिलांना धाडलेल्या पत्रात त्याने एक सुनीत लिहिले, 'हाय फ्लाइट'. तीस हजार फुटांवर सुचले म्हणे.

११ डिसेंबर १९४१. लिंकनशायरवर ढग दाटलेले. सरावाहून परतणारी स्पिटफायर विमाने ढगांतून खाली उतरत होती. त्याच आभाळात क्रॅनवेलचे एक ऑक्सफर्ड, म्हणजे नवशिक्यांचे विमान, उडत होते. दोन्ही एकमेकांवर आदळली. मॅगीने डोक्यावरचे झाकण सारून उडी टाकली. पण जमीन फार जवळ आली होती, हवाई छत्री उघडायला अवधीच उरला नव्हता.

ऑक्सफर्डमधला विद्यार्थीही गेला. तोही एकोणीसच वर्षांचा.

परवा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, त्या दुसऱ्याचे नाव काय हो?"

मी गप्प. इतकी वर्षे गोष्ट सांगतो आहे, पण ते नाव कधी शोधलेच नव्हते. घरी येऊन शोधले. अर्नेस्ट ऑब्री ग्रिफिन.