कोयत्यावर जाताना पोत्यात काय भराल?

दसरा झाला की आपल्या वस्त्यांवर मुकादमाच्या फेऱ्या वाढतात. उचल घेतलेली असते. ट्रॅक्टर दारात उभा राहतो आणि बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. भांडी, अंथरूण, कोयते, शेरडं सगळं भरलं जातं. सहा महिने खायचं काय, याचा विचार मात्र घाईत राहून जातो. मग कोपीवर उधारीनं तांदूळ, चहा-साखर आणि पोरांसाठी पाच रुपयांचे पुडे येतात. पट्टा पडल्यावर बाई घरी परतते ती धापा टाकत.

आम्ही दवाखान्यात काम करत होतो तेव्हा हेच पाहिलं, आज वस्त्यांवर फिरतानाही हेच पाहतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. चालताना धाप, उठताना चक्कर, माती किंवा खडू खावासा वाटणं ही त्याची लक्षणं. 'कामाचा शीण आहे' म्हणून ती अंगावर काढू नका.

भाकर सोडू नका

१०० ग्रॅम बाजरीत साधारण ६ मिलिग्रॅम लोह असतं, पांढऱ्या तांदळात १ मिलिग्रॅमही नसतं. तरी आपल्याकडं भात मोठेपणाचा आणि भाकर गरिबीची समजली जाते. पोत्यात ज्वारी-बाजरी आधी भरा. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, म्हणून धान्यच न्या आणि आठवड्यापुरतं दळा. सोबत हुलगे, मटकी, तूरडाळ, शेंगदाणे, जवस-कारळाची चटणी. यातलं काहीही फ्रीजमध्ये ठेवावं लागत नाही. हुलगे, मटकी रात्री भिजवून मोड आणले, तर त्यातलं लोह अंगी जास्त लागतं.

तांदुळजा, पाथरी, चिघळ, शेवग्याचा पाला बांधावर फुकट मिळतो. पण उसाच्या फडात तणनाशक मारलेलं असतं, तिथली भाजी खुडू नका. भाजी आधी धुवा, मग चिरा. वर लिंबू पिळा, म्हणजे लोह नीट शोषलं जातं. चहा मात्र ते शोषू देत नाही. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा नको.

रेशन तिथंही मिळतं

प्राधान्य कार्डावर दर माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. आधार जोडलेलं असेल तर ते दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही उचलता येतं. म्हातारी माणसं गावी राहिली असतील तर त्यांच्या वाट्याचं गावी आणि तुमच्या वाट्याचं फडाजवळ घेता येतं. निघण्याआधी घरातल्या सगळ्यांचे अंगठे जुळतात का, ते रेशन दुकानात तपासून घ्या. तेवढीच उधारी कमी होते.

लाज कशाची?

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टे तुकडे सोडायला सांगितलं. तो माणुसकीचा प्रश्न होता. आपल्या कष्टाच्या भाकरीची, रानभाजीची, सुकटीची लाज बाळगा, असं त्यांनी कधी सांगितलं नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांचं खाणं नोंदवून ठेवलं, ते याच स्वाभिमानानं. २०१५ च्या कायद्यानं गाईबरोबर बैलाचीही कत्तल बंद झाली आणि गरिबाच्या ताटातलं स्वस्त मांस गेलं. मांस खावं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. जे खातात त्यांनी अंडी, सुकट, जमेल तेव्हा कलेजी पोरांना आणि बाईला आधी द्यावी.

कारण शील ताटातही पाळायचं असतं. पहाटे उठून बाई भाकरी थापते, दिवसभर मोळ्या वाहते आणि रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाते. न दिलेलं घेणार नाही, असं आपण रोज वंदनेत म्हणतो. मग तिच्या वाट्याचं खाल्लं ते कुणी दिलं होतं? उचलीतले पैसे दारूवर गेले, तर पाचवं शील तर मोडतंच, पोरांची डाळही जाते. कोपीवर एक नियम करा: सगळ्यांनी एकत्र बसायचं, एकाच वेळी वाढून घ्यायचं.

एवढं करूनच निघा

उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासा. बाईचं १२ च्या वर हवं, गरोदरपणी ११ च्या वर. ते ८ च्या खाली असेल तर नुसत्या भाजी-भाकरीवर भागणार नाही, डॉक्टरांचा उपचार घ्यावाच लागेल. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात, आशाताईकडून पुरेशा घेऊन ठेवा. गोळीनं शौचाला काळी होते, त्याला घाबरू नका. मळमळलं तर जेवणानंतर घ्या, पण बंद करू नका. गरोदर बाईनं आपलं तपासणीचं कार्ड सोबत न्यावं आणि पोचल्यावर तिथल्या अंगणवाडीत नाव घालावं.

मुकादमानं उचल दिली म्हणून तुमच्या अंगातलं रक्त त्याच्याकडं गहाण पडत नाही. पोतं भरताना एवढं लक्षात असू द्या. जय भीम!